प्रलयानंतरचा निवेदक

‘बनगरवाडी’च्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, वाडी उठून गेली, मास्तरही निघून गेला, मग वाचले कोण?” घंटा झाली होती. तिचा आधार घेऊन मी वर्गाबाहेर पडलो. प्रश्न टाळण्याचे कारण वाङ्मयीन नव्हते, हे मला ठाऊक होते.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी औसा तालुक्यातील एका खेड्यात शाळकरी मुलगा होतो. दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेली होती. अंधारात लोक नावे घेऊन हाका मारीत आणि जेथून ओ येई तेथे हातांनी माती उपसत. महिन्याभरात मला औरंगाबादला मामांकडे धाडण्यात आले. त्यानंतर मी गावी गेलो तो पाहुणा म्हणूनच. नव्या जागी वसलेल्या गावाचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत. आजीला मात्र अखेरपर्यंत तेथे शेजार सापडला नाही.

मेरी शेलीच्या ‘द लास्ट मॅन’मध्ये (१८२६) एकटा उरलेला माणूस मृतांसाठी लिहितो, कॉर्मॅक मॅकार्थीच्या ‘द रोड’मधील (२००६) बापलेकांना नावेही नाहीत. तेथे जवळजवळ सारे जगच संपलेले असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) बाहेरचे जग शाबूत राहते, अवर्षणाने एक धनगरवाडी तेवढी पांगते. म्हणून तिला प्रलयोत्तर साहित्यात गणू नये, असा आक्षेप घेता येईल. परंतु सर्वांनी मिळून बांधलेली तालीम मागे राहते आणि बांधणारे उरत नाहीत, तेव्हा त्या वाडीपुरते जग बुडालेलेच असते. प्रलयाचे मोजमाप मृतांच्या संख्येइतकेच तुटलेल्या संबंधांवरूनही करावे लागते.

राजाराम मास्तराला हे निवेदन शक्य होते, कारण त्याचे पोट मेंढरांवर नसून पगारावर आहे. तो वाचतो म्हणून सांगू शकतो. आणि वाचण्याचे हे ऋण तो एकेका माणसाचे नाव घेऊन फेडू पाहतो. ते फिटते, असे मला वाटत नाही. मी स्वतः ते फेडायला आरंभही केला नव्हता. वर्षानुवर्षे ही कादंबरी मी ग्रामजीवनाचे चित्रण म्हणून शिकवीत आलो. त्या वर्गीकरणात मला सुरक्षित वाटत होते.

पुढच्या तासाला मी तिला उत्तर दिले : ज्यांच्या हाकेला ओ देणारे कोणी उरले, ते वाचले. मग प्रथमच वर्गात माझ्या गावाचे नाव सांगितले.