पहाटेच्या हिशेबात घट धरलीच नाही

सुताचा टॉवेल होईपर्यंत थोडं सूत वाया जाणारच. ताण्यात तुटतं, रंगवताना बिघडतं. सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा कुणीही ही घट आधीच धरून खर्च काढतो. मला पगार मिळतो तो याच कामाचा. तरी स्वतःच्या पहाटेचा हिशेब मांडताना मी घटीला जागाच ठेवली नाही.

चाळिशी ओलांडल्यावर कॉस्ट अकाउंटन्सीची इंटरमिजिएट परीक्षा द्यायचं मनावर घेतलं. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. दिवसभर कारखाना, संध्याकाळी घरचं, उरली पहाट. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकली की सुरुवात, असं ठरवलं. इथवर ठीक होतं. मग हाव सुटली. चारला उठायचं, तलावाकाठी फेऱ्या, प्राणायाम, डायरी आणि मग अभ्यास. रंगीत पेनांनी तक्ता काढून भिंतीवर डकवला, वर त्याचा फोटो स्टेटसला टाकला. एक पान वाचून व्हायच्या आत वाहवा पदरात पडली.

रात्री झोपायला मात्र साडेअकरा वाजायचेच. प्रौढ माणसाला किमान 7 तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थांनी 2015 साली एकमतानं सांगितलं आहे. मी साडेचार तासांत भागवू पाहत होतो. पहाटे चहा करायचा, पेन्सिलीला टोक काढायचं, काल कुठं थांबलो ते शोधायचं. मग 'मटेरियल यूसेज व्हेरियन्स'चं गणित समोर घ्यायचं. प्रमाण सूत इतकं, प्रत्यक्ष सूत इतकं, एवढं वाचेपर्यंत डोळा लागायचा. दुपारी कारखान्यात डुलक्या. एकदा बिलात बंडलांचा आकडाच चुकला. मालकांनी एक शब्द न बोलता कागद माझ्याकडे परत सरकवला.

घरात आम्हा तिघांना मिळून एकच मोठी खोली. माझा दिवा लागला की मुलगा कूस बदलायचा. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही उठताय कुठं? तुम्ही आम्हाला उठवताय."

त्यावर मी वडिलांचा दाखला दिला. ते मिलमध्ये पहिल्या पाळीला असायचे. जुनी मिल 1877 साली सुरू झाली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हे गाव भोंग्यावर उठत आलं. लवकर उठणं आमच्या रक्तातच आहे, असं मी ऐटीत सांगायचो. पण वडील रात्री नऊला आडवे होत, हे सोयीस्करपणे विसरायचो. शिवाय मागापुढे उभं राहिल्यावर आज काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडत नसे. मी उठायची वेळ ठरवली होती, उठून करायचं काम ठरवलंच नव्हतं.

त्यात नळाचं पाणी. आमच्याकडे ते काही दिवसांआड येतं आणि कधी नेमकं भल्या पहाटे. त्या दिवशी अभ्यास बुडाला की माझा उरलेला आठवडाही बुडायचा, "आता सोमवारपासून नव्यानं." एप्रिल लागला आणि स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहू लागला. गच्चीवर तळमळत झोप यायची ती उशिरा, आणि सोमवार पुढे पुढे जात राहिला. जूनमध्ये आपटलो.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं. 96 जणांना त्यांनी रोजची एक नवी सवय लावायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस, तर कुणाला 254 दिवस लागतील असं दिसलं. मधला आकडा 66. मला लागलं ते पुढचं वाक्य: एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडलं नाही. म्हणजे घट धरूनच चालायचं. हे मला कारखान्यात रोज कळत होतं!

डिसेंबरसाठी तक्ता फाडला. दहाला झोप, पाचला स्वयंपाकघरात. कोणतं गणित सोडवायचं त्याची चिठ्ठी रात्रीच वहीत. पाण्याचा दिवस सुट्टीचा, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. एक ग्रुप सुटला.

दुसरा बाकी आहे. तलावाकाठच्या फेऱ्या अजून सुरूच नाहीत. डॉक्टर विचारतात तेव्हा "संध्याकाळी सुरू करतो" म्हणतो, आणि घरी येताना रंगीत पेनं घ्यायचा मोह अजून होतो.