आधी आवाज की आधी उकळी?

लासूर स्टेशन,
वैशाख

चि. ताई,

चाळीसगावहून परतताना औट्रम घाटात मारुती 800 गाडी उकळली, बॉनेटखालून आवाज येऊ लागला आणि शहरातल्या गॅरेजवाल्याने इंजिन उतरवायला सांगितलं, हे तुझ्या आईकडून कळलं. गाडी त्याच्या ताब्यात देण्याआधी मला एकच गोष्ट नीट आठवून सांग. आधी आवाज आला की आधी तापमानाचा काटा वर चढला?

निम्मं निदान या उत्तरात आहे. आवाज आधीपासून असेल आणि गरमी नंतर आली असेल, तर आतलं काहीतरी घासतंय किंवा ढिलं झालंय. तेल कमी पडलं असेल, वॉटर पंपाचं बेअरिंग ओरडत असेल, पंपाचा बेल्ट घसरत असेल. उलट काटा आधी चढला आणि मग आवाज सुरू झाला, तर मूळ दुखणं पाण्याच्या वाटेत आहे. तापलेलं तेल पातळ होतं, त्याचा दाब पडतो आणि टॅपेट वाजू लागतात. तापलेल्या सिलिंडरमध्ये चढावर पेट्रोल अवेळी भडकतं, त्याचा बारीक, कोरडा किणकिणाट येतो. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो येतो, पाय उचलला की जातो. तुझा आवाज तसा असेल, तर इंजिन उतरवायचं कारणच नाही.

दुसरा प्रश्न घाट संपल्यावर, कन्नडनंतरचा. घाटात वेग कमी आणि कष्ट जास्त, त्यामुळे पंखा बिघडलेला असो की रेडिएटर तुंबलेला, दोन्ही गाड्या सारख्याच उकळतात. घाटावरून काही ठरवता येत नाही. हतनूरकडे जाताना, सपाट रस्त्यावर वारा लागल्यावर काटा खाली आला का? आला असेल तर पंख्यावर संशय घे. वर राहिला असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पंप.

पंखा तू घरीच तपासू शकतेस. या गाडीचा पंखा विजेवर चालतो. गाडी उभी ठेवून चालू कर आणि काट्याकडे बघत थांब. काटा मध्याच्या जरा वर गेला की पंखा आपोआप फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज बघ, मग थर्मोस्विचच्या दोन वायरी थेट जोडून बघायला सांग. त्यावर पंखा फिरला तर मोटर चांगली आहे, फक्त स्विच गेलाय.

रेडिएटरचं मात्र मला जास्त वाटतं. दाजी इतकी वर्षं त्यात घरच्या बोअरचं पाणी भरत आले. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. गावात फिरताना अर्ध्या नळ्या पुरतात, चढावर पुरत नाहीत. इंजिन गरम असताना बंद कर, पंख्याचा कनेक्टर काढ (पंखा बंद गाडीतही अचानक फिरू शकतो, म्हणून हे आधी), आणि रेडिएटरच्या जाळीवरून अंदाजाने हात फिरव. एखादा पट्टा थंड लागला तर तिथून पाणी जातच नाही. मग रॉडिंग, म्हणजे नळ्या सळईने साफ करून घ्यायच्या, किंवा नवा रेडिएटर.

झाकणाकडेही कोणी लक्ष देत नाही. दाब धरून ठेवणं हे त्या झाकणाचं काम. साधारण 0.9 बारचा दाब धरला की पाणी 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर वाळलं तर हा दाब सुटतो आणि निरोगी इंजिनसुद्धा वाफा सोडतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असो: दाब सुटताक्षणी आतलं पाणी उसळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तसंच वाईट. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते वाकतं, तडकतं. घाटात कोणी तसं पाणी ओतलं असेल तर मला लपवू नकोस, कारण पुढची तपासणी त्यावर ठरते.

ती तपासणी अशी. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, झाकण काढून गाडी चालू कर. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात शिरतोय. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर पाणी तेलात शिरलंय. यातलं काही आढळलं तर मात्र गाडी एक मैलही चालवायची नाही.

आता आवाज. टॅपेटची टकटक वरून येते, हलकी आणि भरभर असते, आणि व्हॉल्व्हची फट नीट केली की जाते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ती इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदाच ऐकू येते. बेअरिंगची ठोकर खालून येते, जड असते, ओझं पडलं की वाढते. मिस्त्रीला एकेका प्लगची वायर काढून बघायला सांग; कार्बोरेटरच्या गाडीत ही पद्धत अजून चालते. एखाद्या सिलिंडरची वायर काढल्यावर ठोकर दबली, तर त्याच सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग ढिलं झालंय. सकाळी थंड असताना फटफट येते आणि तापल्यावर जाते, ती बहुतेक एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती असते. तिला टॅपेट समजून लोक उगाच पैसे घालवतात. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐक, पण ओढणी आणि केस बांधून, बेल्टपासून दूर.

समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचं म्हणतेस, त्याची मला जास्त काळजी आहे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा रस्ता सुरू झाला, तेव्हापासून आमच्या हडस पिंपळगावच्या बाजूने उतरून, वाफा सोडत माझ्याकडे आलेल्या गाड्या मी पाहतोय. गावात, साध्या हायवेवर पाय अधूनमधून उचलला जातो, इंजिनला श्वास मिळतो. समृद्धीवर तासन्‌तास एकच वेग, एकच ओझं. अर्धा तुंबलेला रेडिएटर शहरात वर्षभर तग धरतो आणि तिथे तासाभरात उघडा पडतो. 796 सीसीच्या तीन सिलिंडरकडून वैशाखाच्या दुपारी शंभरच्या वर वेग मागायचा नाही. ऐंशीने जा, पहाटे निघ.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी तिचे भाग आजही सहज मिळतात. म्हणूनच मिस्त्री हात धुऊन सगळंच बदलायला निघतात. तू क्रमाने चाल: आधी झाकण, मग पंखा, मग थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून (ऐंशीच्या जरा वर तो उघडायला लागतो), मग रेडिएटर, आणि बुडबुडे दिसले तरच हेड. शेवटी बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. बदललेला प्रत्येक भाग मागून घे आणि पुढच्या खेपेला इकडे घेऊन ये. थर्मोस्टॅट आणि बेअरिंग मला हातात धरून बघायची आहेत.

तुझा,
मामा