सुताला लागलेला हात

गेल्या वर्षी एका दुकानदाराने मी रंगवलेले सूत हातात घेऊन खूप वाखाणले. मग लडीला बांधलेली चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "ताई, माल छान आहे. पण चिठ्ठीवर आडनाव कशाला? नुसतं पहिलं नाव टाका. आणि फोटोत हे निळे पडलेले हात नकोत. गिऱ्हाईक बुजतं." मी काही बोलले नाही. घरी आले, पण रात्रभर ते शब्द डोक्यात घोळत राहिले.

आधी माझ्या कामाविषयी थोडे सांगते. मी पांढऱ्या सुती धाग्याच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या लडी आणते. धुण्याच्या सोड्यात त्या उकळून घ्याव्या लागतात. सुतातले मेण निघाल्याशिवाय रंग आत मुरत नाही. मग हिरडा आणि तुरटीचे पाणी देऊन झेंडूच्या फुलांत रंगवले की पिवळा रंग येतो. तेच सूत गंजाच्या पाण्यात बुडवले की शेवाळी होते. निळीची गंमत वेगळीच. माठातून काढताना सूत हिरवट-पिवळे असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होत जाते. क्रोशाकाम करणाऱ्या बायका हे सूत घेतात. त्यातल्या बऱ्याच जणी परगावच्या. त्या सूत बघतात ते फोटोतच.

या फोटोनेच मला पहिला धडा दिला. सुरुवातीच्या दिवसांत एकदा घाईघाईने, रात्री, ट्यूबलाइटखाली ओल्याच लडींचा फोटो काढला. ओले सूत नेहमी गडद दिसते. वर मोबाइलमध्ये रंग आणखी खुलवला. फोटो बघून पुण्याच्या एका बाईंनी आठ लडी मागवल्या. पार्सल पोचल्यावर त्यांचा फोन आला, "अहो, मी गडद निळा मागवला होता, हा तर आभाळी आहे." त्यांचे बरोबर होते. पैसे परत केले, पार्सलचा दोन्हीकडचा खर्च अंगावर घेतला. पण त्याहून जास्त टोचले ते दुसरेच. दर रविवारी विहारात मी पंचशील ग्रहण करते. खोटे बोलणार नाही, असे चौथ्या शीलात म्हणते. तोंडाने मी खोटे बोलले नव्हते, पण माझ्या वतीने फोटो बोलला होता. दारूचा किंवा शस्त्रांचा व्यापार केला नाही म्हणजे सम्यक आजीविका झाली, एवढे ते सोपे नाही, हे त्या दिवशी कळले.

तेव्हापासून सूत पूर्ण वाळल्याशिवाय फोटो काढत नाही. सकाळी दाराशी, थेट ऊन पडणार नाही अशा जागी, पांढऱ्या कागदावर लड ठेवते. फ्लॅश बंद. मग फोटो आणि लड शेजारी धरून मुलीला विचारते, "एकच रंग दिसतो का गं?" ती हो म्हणाली तरच फोटो पाठवायचा. प्रत्येक खेपेचा रंग थोडा वेगळा उतरतो, म्हणून चिठ्ठीवर खेपेचा क्रमांक घालते आणि फोटोही नवा काढते. जाडी कळावी म्हणून एका फोटोत लड हातात धरलेली असते. हात माझाच.

आणि नेमका तोच हात दुकानदाराला नको होता!

त्या रात्री मला आजोबा आठवले. ते परळच्या गिरणीत रिंग खात्यात होते. तिथे सूत काततात. पण त्याच सुताचे कापड विणायला आपल्या माणसांना साच्यावर उभे करत नसत. त्या खात्यात पगार जास्त. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, विटाळ होईल, असे सवर्ण कामगार म्हणत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला आणि सर्व खाती आपल्या कामगारांना खुली करा, अशी मागणी केली. आजोबा म्हणायचे, "सूत आमच्या हातचं चालत होतं, फक्त आम्ही चालत नव्हतो."

दुकानदाराचे म्हणणे याहून वेगळे काय होते?

सकाळी त्यांना फोन केला. म्हटले, "भाऊ, रंगात खोट असेल तर सांगा, माल परत घेते. चिठ्ठी मात्र हीच राहील." त्यांनी पुढे माल घेतला नाही. विक्रीचा मोठा वाटा त्या एका दुकानाचा होता. घरात ओढाताण झाली. यजमान म्हणाले, "नावापुढं पोट मोठं नाही का?" भांडण झाले नाही, पण उत्तर द्यायला मला वेळ लागला. हळूहळू फोटोवरून मागवणाऱ्या बायका वाढल्या, तेव्हा ती तूट भरून निघाली. पुण्याच्या त्या बाईही पुन्हा सूत मागवू लागल्या. आता चिठ्ठ्या लिहितात ते यजमानच, आडनावासकट.

भगिनींनो, शिवण असो, पापड असो की सूत, घरात बसून काही करून विकत असाल, तर किमतीत स्वतःची मजुरी धरायला विसरू नका. मालात असेल तेवढाच रंग फोटोत दाखवा. आणि ज्या हातांनी तो माल घडवला, ते हात झाकू नका.

जयभीम.