रविवारची गाडी : जुनी कीं नवी ?

“जुनें तें सोनें” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि “नव्याचे नऊ दिवस” ही म्हणहि त्याच वडीलधाऱ्यांच्या मुखांतून आपल्या कानीं पडलेली आहे. दोन्ही म्हणी जुन्याच्याच पक्षाच्या! नव्याची बाजू तितक्याच ठसक्यानें मांडणारी म्हण मला तरी चटकन् आठवत नाहीं. म्हणी रचणारे बहुतेक वृद्धच असावेत, असें माझें अनुमान आहे. परंतु व्यवहारांत जेव्हां जुनी वस्तु व नवी वस्तु यांतून एकीची निवड करण्याची वेळ येते, तेव्हां म्हणींचा आधार पुरत नाहीं. तेथें आपली गरज, आपली ऐपत आणि आपली जबाबदारी या तिघींनाच साक्षीस बोलवावें लागतें. असा एक प्रसंग गेल्या वर्षीं प्रस्तुत लेखकावर आला. त्यावेळीं मनांत जे विचार आले ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कदाचित् उपयोगी पडतील, म्हणून ते येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आठवड्याचे सहा दिवस माझें काम बीड शहरांतच असतें, आणि त्यास एक स्कूटर पुरते. परंतु माझी वृद्ध आई अंबेजोगाईस राहते, आणि दर रविवारीं तिच्या भेटीस जाण्याचा माझा नेम आहे. बीडहून निघावें, मांजरसुंब्याचा घाट चढावा, नेकनूर व केज मागें टाकावें आणि योगेश्वरीच्या गांवीं पोहोंचावें, असा हा सुमारें नव्वद किलोमीटरांचा रस्ता. कित्येक वर्षें मीं तो एस्. टी. नेंच केला. केवळ पोहोंचणें एवढाच हेतु असता, तर एस्. टी. ला नांवें ठेवण्याचें कांहीं कारण नव्हतें. पण खरें सांगावयाचें तर उत्तम एंजिनाविषयीं मला लहानपणापासून ओढ आहे. घाटांतलें वळण येतांच गियर बदलावा, चढावर एंजिनानें हुंकार द्यावा, आणि हाताच्या इशाऱ्यासरशीं गाडी वळावी, यांत जो आनंद आहे तो ज्यानें चांगली बैलजोडी हांकली असेल त्यास वेगळा सांगावा लागणार नाहीं. म्हणून पुष्कळ वर्षें शिल्लक टाकलेल्या पैशांतून रविवारपुरती एक जोरकस गाडी घ्यावी, असें मीं ठरविलें. शोध करतां करतां शेवटीं दोन गाड्या माझ्यापुढें उरल्या.

पहिली होती २००४ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर्. एस्. हिचें कूळ आपल्या शेजारचेंच. स्कोडा कंपनीनें २००१ सालीं औरंगाबादजवळ (त्या शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर असें आहे) शेंद्रा येथें कारखाना सुरू केला, आणि ऑक्टाव्हिया ही तेथें जुळणी झालेली पहिली गाडी. तिचीच ही जोरकस बहीण २००४ सालीं बाजारांत आली. टर्बो जोडलेलें पेट्रोल एंजिन घेऊन भारतांत विक्रीस आलेली पहिली मोटार, अशी तिची ख्याति आहे.

‘टर्बो’ म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. एंजिनांतून बाहेर पडणारा धूर एरवीं वायां जातो. त्याच्या वाटेंत एक लहानसें चक्र बसविलें म्हणजे तो धूर तें चक्र वेगानें फिरवितो. त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें. हवा अधिक गेली म्हणजे पेट्रोलहि अधिक जाळतां येतें, आणि लहान एंजिन मोठ्या एंजिनाचें काम करूं लागतें. या योजनेच्या बळावर ऑक्टाव्हियाचें १,७८१ घनसेंटिमीटरांचें एंजिन १५० अश्वशक्ति देत असे. चाक फिरविणारा जो पीळ, ज्यास टॉर्क म्हणतात, तो २१० न्यूटन-मीटर होता.

दुसरी गाडी त्याच कंपनीची, पण दोनच वर्षें वापरलेली, दीड लिटर एंजिनाची स्लाव्हिया. ही पुणें जिल्ह्यांतील चाकणची, मार्च २०२२ मध्यें प्रथम बाजारांत आलेली. हिचें एंजिन १,४९८ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे जुनीपेक्षां लहान. हिलाहि टर्बो आहे. आणि हिची शक्ति किती म्हणाल, तर नेमकी तीच, १५० अश्वशक्ति! पीळ मात्र २५० न्यूटन-मीटर. शिवाय भार हलका असला म्हणजे हिच्या चार सिलिंडरांपैकीं दोन आपोआप विश्रांति घेतात, आणि पेट्रोल वांचतें.

हे आंकडे शेजारीं शेजारीं मांडले तेव्हां मला मोठें नवल वाटलें. दोन्ही गाड्यांच्या जन्मांत अठरा वर्षांचें अंतर, आणि अश्वशक्ति एकानेंहि वाढलेली नाहीं! मग एवढ्या वर्षांत कारागिरांनीं केलें तरी काय? या प्रश्नाच्या उत्तरांतच माझ्या निवडीचें उत्तर दडलेलें होतें; पण तें मला लगेच दिसलें नाहीं.

दोन्ही गाड्या मीं एकाच रस्त्यावर, मांजरसुंब्याच्या घाटांत, एका वृद्ध मिस्त्रीस शेजारीं बसवून चालवून पाहिल्या. आनंदाचें माप लावावयाचें तर जुनीचें पारडें जड होतें, हें मीं मोकळ्या मनानें सांगतों. तिचें सुकाणूं तेलाच्या दाबावर चालणारें. रस्त्यावरचा प्रत्येक खडा, प्रत्येक उतार तें हातास कळवितें. नवीचें सुकाणूं विजेच्या साहाय्यानें फिरतें. तें हलकें व अचूक आहे, पण मितभाषी आहे. जुनी गाडी चालवितांना आपण कांहींतरी करीत आहों असें वाटतें. नवी गाडी चालवितांना तीच सर्व करीत आहे असा भास होतो. घाट उतरल्यावर मिस्त्रीनें जुनीच्या टपावर हात ठेवला आणि म्हटलें, “साहेब, ही लाडकी आहे, पण लाडकीचे लाड पुरवावे लागतात, एवढें ध्यानांत असूं द्या.”

मग त्यानें त्या लाडांची यादीच वाचून दाखविली. वीस वर्षांत रबर कडक होतें. म्हणून पाण्याच्या व हवेच्या सर्व नळ्या, चाकांच्या जोडावरील बुश आणि शॉक-अॅब्सॉर्बर बदलावे लागतील. टायमिंग बेल्ट केव्हां बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर तो आधीं बदलावा. कारण तो चालत्या गाडींत तुटला तर व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून एंजिनाचा चुराडा होतो. हे भाग बीडच्या बाजारांत मिळणार नाहींत. पुण्या-मुंबईहून मागवावे लागतील. म्हणजे रविवारच्या गाडीचे कित्येक रविवार मिस्त्रीच्याच अंगणांत जाणार! सरकारी नियमहि आहेतच. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करवून व शुल्क भरून ती नवी करून घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट पेट्रोलाची. २०२५ सालापासून आपल्या देशांतील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि तें करण्यासाठीं उसाचा मोठा उपयोग होतो. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग या मिश्रणास टिकतील असे केलेले असतात. २००४ सालच्या गाडीच्या कर्त्यांस याची कल्पना कोठून असणार? हें ऐकतांच माझें मन भलत्याच वाटेनें गेलें. उसाचा संबंध आम्हां बीडकरांशीं कसा आहे, हें वाचकांस सांगावयास नको. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील सहस्रावधि जोडपीं मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. त्यांच्या घामाचा कांहीं अंश आतां प्रत्येक मोटारीच्या टाकींतहि येऊन पडतो. मग ज्या रस्त्यावर आपण मौजेसाठीं गाडी हांकणार, त्याच रस्त्यावर हीं माणसें कशीं चालतात, याचा विचार गाडी घेणारानें करावयास नको काय?

तो विचार मीं केला, आणि तेव्हां माझ्या निवडीचा तराजू हलला. थंडीच्या दिवसांत अंबेजोगाईहून परततांना केजच्या आसपासच अंधार पडतो. ऊसाच्या हंगामांत रस्त्यावर बैलगाड्या असतात. एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन दोन ट्रॉल्या असतात. त्यांतील कित्येकांस मागें दिवा नसतो, आणि ऊस दोहों बाजूंनीं बाहेर आलेला असतो. उसावर झोंपलेलीं लेंकरें असतात. आतां शाळेंतील गणित मांडून पाहा. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटरांहून अधिक अंतर तोडते. समोर ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातोच. तेवढ्यांत आपण आपल्या शाळेच्या दोन-तीन वर्गखोल्यांएवढी वाट आंधळेपणानें कापलेली असते. वेग दुप्पट झाला तर गाडींतील गतिशक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि ती सारी ब्रेकांस गिळावी लागते.

अठरा वर्षांत कारागिरांनीं काय केलें, याचें उत्तर मला येथें सांपडलें. त्यांनीं धांवण्याचें बळ वाढविलें नाहीं. थांबण्याचें, सांवरण्याचें आणि आदळल्यावर माणूस वांचविण्याचें बळ वाढविलें. नवी गाडी घसरूं लागली तर एकेका चाकास निरनिराळा ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी योजना तींत आहे. ग्लोबल एन्‌कॅप नांवाच्या संस्थेनें २०२३ सालीं स्लाव्हियाची टक्कर-परीक्षा घेतली, आणि प्रौढ व बालक या दोन्ही प्रवाशांच्या संरक्षणाबद्दल तिला पांचांपैकीं पांच तारे दिले. जुनी गाडीहि तिच्या काळीं मजबूत म्हणून नांवाजलेली होती. परंतु अलीकडच्या या कठीण परीक्षेस ती कधीं बसलेलीच नाहीं.

राहिला प्रश्न पैशांचा, आणि तो लहान नव्हता. जुनी घेतली असती, तर तिच्या दुरुस्तीचा खर्च वजा जातांहि बरीच रक्कम उरली असती, आणि तींत आईच्या घराचें गळकें छप्पर नवें करतां आलें असतें. नवी घ्यावी तर छप्पर एक पावसाळा लांबणार. माझ्या हौसेपायीं आईनें गळक्या घरांत राहावें हें मला कसेंसेंच वाटत होतें. शेवटीं मीं सर्व हिशोब तिच्यापुढेंच मांडला. तिला अश्वशक्ति कळत नाहीं व टर्बोहि कळत नाहीं. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, “अंधारांत कोणती लवकर थांबते?” मीं नवीचें नांव सांगितलें. ती म्हणाली, “मग तीच घे, लेकरा. छप्पर गळलें तर खालीं पातेलें ठेवतां येतें. रस्त्यावर काय ठेवशील?”

यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. मीं नवी गाडी घेतली.

याचा अर्थ जुनी गाडी घेणारा मूर्ख, असा मुळींच नाहीं. ज्यास एकट्यानेंच व दिवसाउजेडींच फिरावयाचें आहे, ज्याच्या घरीं निकडीच्या कामासाठीं दुसरें वाहन आहे, आणि ज्यास स्वतः हात काळे करून यंत्र राखण्याची हौस आहे, त्यानें जुनीच घ्यावी. त्यास मिळणारा आनंद मला मिळणार नाहीं. ती ऑक्टाव्हिया पुढें अशाच एका हौशी गृहस्थानें नेली. चांगल्या कारागिरीच्या वस्तु अशा माणसांमुळेंच जगांत टिकून राहतात, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असलें पाहिजे.

जुनीच्या त्या एका फेरीनें मला एक गोष्ट शिकविली, ती मीं नव्या गाडींतहि सोडलेली नाहीं. गाडी कितीहि शहाणी झाली तरी रस्त्याकडे लक्ष देण्याचें काम चालविणाराचेंच. कारण पांच तारे गाडीच्या आंतल्या माणसांसाठीं असतात. बैलगाडीवरच्या माणसास ते उपयोगी पडत नाहींत. त्याच्या वांट्यास आपला संयम तेवढा येतो.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कित्येकजण पुढें मिळवते व्हाल, आणि मोटार म्हणा, मोटारसायकल म्हणा, जोरकस वाहन घेण्याची इच्छा तुम्हांसहि होईल. ती इच्छा वाईट नाहीं. तिची लाज बाळगूं नका. मात्र दुकानांत पाऊल ठेवण्यापूर्वीं ती किती वेगानें धांवते हें विचारून थांबूं नका. तिच्यांत कोण बसणार आहे, तिच्या वाटेवर कोण चालत आहे, आणि वेळ आली तर ती कितपत लवकर थांबेल, हेंहि विचारा. आणि घरांत कोणी वृद्ध माणूस असेल तर हा हिशोब एकदां त्याच्यापुढें अवश्य मांडा.

असो. हंगामाच्या दिवसांत मी आतां अंबेजोगाईहून ऊन असतांनाच निघतों. छप्पराचें काम येत्या उन्हाळ्यांत करावयाचें ठरलें आहे. तोंवर पातेलें आहेच.