‘एल्बो बदलून देतो’ म्हणाले

पुसेगावात घर बांधताना आम्ही न्हाणीची नळजोडणी भिंतीच्या आतून घेतली. आता सगळेच घेतात. त्याच भिंतीला लागून असलेल्या खोलीत हळदीची पोती रचलेली होती, हिंगोलीच्या मोंढ्यात भाव चढायची वाट बघत. आधी पुट्टीचे पोपडे सुटले, मग लाइटच्या बोर्डात पाणी उतरलं. पोती हलवली तेव्हा खालच्या थरातल्या हळदीला बुरशी आलेली. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं यात आईची कंबर मोडली होती. ती काही न बोलता अंगणात जाऊन बसली.

मिस्त्रीने भिंत फोडली. पाइपच्या वळणावरच्या एल्बोच्या प्लास्टिकमध्ये पितळी आटे बसवतात, बरोबर तिथे केसाएवढी चीर होती. दुकानदार म्हणाला, “ताई, एल्बो बदलून देतो.” कंपनीचा माणूस आला, त्याचंही तेच. वर म्हणाला, “तुमच्या प्लंबरने जास्त आवळला असेल.” मला राग आला तो याचा. एल्बो बदलून मिळेल. भिंत, वायरिंग, हळद कोण देणार?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मी तेव्हा नीट वाचून काढला. जुलै 2020 पासून तो लागू आहे आणि त्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. 1986च्या कायद्यात ते नव्हतं. सदोष वस्तूमुळे आपल्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई मागता येते. बनवणारा, विकणारा आणि त्या वस्तूबाबत सेवा देणारा, तिघांचीही जबाबदारी त्यात वेगवेगळी सांगितली आहे. माल कोणी बनवला हेच कळत नसेल, तर विकणाराही अडकू शकतो. म्हणून पक्कं बिल हवं. आमच्याकडे ते होतं, बाबांच्या सवयीमुळे.

एक गोष्ट मात्र बाबांना पटवायला वेळ लागला. व्यापारी तोटा कायद्याच्या या प्रकरणात धरत नाहीत. भाव चढला असता तर किती मिळाले असते, हा हिशेब तिथे चालत नाही. खराब झालेल्या मालाचं नुकसान तेवढं आम्ही मागितलं.

कंपनीचा माणूस फुटलेला एल्बो ‘तपासायला’ मागत होता. मी दिला नाही. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर ग्राहक आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, अशी कायद्यातच तरतूद आहे. चूक आवळणाऱ्याची की साच्याची, हे तिथे ठरलं पाहिजे, कंपनीच्या टेबलावर नव्हे. बिचाऱ्या प्लंबरवर ढकलून मोकळं होणं फार सोपं असतं.

आधी लेखी नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. तक्रारदार राहतो तिथेच ती करता येते. कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्यानंतर कंपनीच तडजोडीला आली. भिंतीचा आणि वायरिंगचा खर्च मिळाला, हळदीची बरीचशी किंमत मिळाली. सगळं नाही मिळालं. पण ‘एल्बो बदलून देतो’ यावर आम्ही थांबलो असतो, तर काहीच मिळालं नसतं.

तुमच्या घरात असं झालं तर गिलावा करून घ्यायची घाई करू नका. भिंत फोडताना फोटो काढा, फुटलेला तुकडा पिशवीत घालून जपून ठेवा, बिल शोधा, दुरुस्तीचा खर्च मिस्त्रीकडून लिहून घ्या. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रारीची मुदत नुकसानीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.