लेस विणणाऱ्यांचे नगर

फ्रान्स देशाच्या मध्यभागातील डोंगराळ मुलखात ल प्वी नावाचे एक लहानसे शहर आहे. सेंत-एत्येनहून निघालेली आगगाडी लुआर नदीच्या काठाकाठाने दऱ्याखोरी ओलांडीत तेथे येऊन पोहोचते. फार प्राचीन काळी या प्रदेशात ज्वालामुखी जागृत होते. ते विझले, भोवतालची माती युगानुयुगांच्या पावसाने वाहून गेली, आणि त्यांच्या नळीत थिजलेला काळा दगड तेवढा सुळक्यांसारखा उभा राहिला. अशाच एका सुळक्याच्या माथ्यावर संत मायकलचे दहाव्या शतकातील छोटे मंदिर आहे. तेथे चढण्यास २६८ पायऱ्या आहेत. शेजारच्या दुसऱ्या खडकावर बालयेशूला कडेवर घेतलेली पवित्र मरियेची प्रचंड मूर्ति आहे. क्रिमियाच्या युद्धात सेबास्तोपोल येथे हस्तगत केलेल्या २१३ तोफा वितळवून ही मूर्ति ओतली गेली व १८६० साली तिचे अनावरण झाले. तोफांचा याहून चांगला उपयोग मी तरी कोठे पाहिलेला नाही.

याच नगरीतून दहाव्या शतकात बिशप गोदेस्काल्क स्पेनमधील संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनास निघाले, आणि तेव्हापासून यात्रेकरूंची एक मोठी वाट येथून सुरू होते. आजही सकाळच्या मिस्सेनंतर पाठीवर पडशी टाकून निघालेली माणसे कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरताना दिसतात. मी मात्र या वाटेने गेलो नाही. रोममध्ये अध्ययनास असताना आमच्या गावच्या शिवणवर्गातील एका वयोवृद्ध सिस्टरने पत्रातून एक यादी मजकडे धाडली होती. उत्तम तागाचा बारीक दोरा, न गंजणाऱ्या टाचण्या, आणि ‘मिळाल्यास नमुन्यांचे एखादे जुने पुस्तक, नव्या चित्रांचे नको’, एवढाच तिचा मजकूर. त्यांच्यापाशी असलेले पुस्तक वाळवीने खाल्ले होते आणि वर्गात मुली उरल्या होत्या चार.

कॅथेड्रलकडे चढत जाणाऱ्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना लेसची दुकाने आहेत. उन्हाळ्याच्या दिवसांत एखादी प्रौढ स्त्री दाराशी खुर्ची टाकून मांडीवर लहानशी पेटी घेऊन बसलेली आढळते. ही पेटीच तिची उशी. फ्रेंच लोक तिला कारो म्हणतात. पेटीच्या मध्यभागी फिरते रूळ असते, त्यावर भोके टोचलेला पुठ्ठा गुंडाळलेला असतो, आणि त्या भोकांत टाचण्या उभ्या केलेल्या असतात. दोऱ्यांची टोके लाकडी कांड्यांवर गुंडाळलेली. आमच्या बेळगावकडील शहापूर-वडगावच्या विणकरांना कांडी म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की येथे धोटा नाही आणि मागही नाही, कांड्या जोडीजोडीने हाताच्या बोटांतून फिरतात. या कामात हालचाली मुळात दोनच आहेत. एक दोरा दुसऱ्यावरून ओलांडणे, आणि दोन दोऱ्यांना पीळ देणे. या दोहोंतून फुले, पाने, जाळ्या, कंगोरे सारे काही निघते. साध्या काठाला दहाबारा जोड्या पुरतात. रुंद नक्षीला शेकडो कांड्या लागतात, आणि तरीही बाई शेजारणीशी बोलत असते. मी अर्धा तास उभा राहून पाहिले. माझे डोळे तिच्या हाताच्या मागे एकदाही पोहोचले नाहीत.

या धंद्याचा एक संत आहे, तो याच भूमीतला. संत जॉन फ्रान्सिस रेजिस हे येशूसंघाचे धर्मगुरू. १५९७ साली जन्मलेले हे गृहस्थ हिवाळ्याच्या बर्फातून खेड्याखेड्यांत पायी हिंडून प्रवचने करीत, आणि १६४० च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरच्या दिवशी ला लुव्हेस नावाच्या डोंगरी गावात अशाच एका फेरीत कालवश झाले. ल प्वीमध्ये वाममार्गास लागलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी आश्रयगृह काढले. पोटाला काम नसेल तर उपदेश टिकत नाही हे त्यांस पक्के ठाऊक होते. त्याच १६४० साली तुलूझच्या न्यायसभेने पोशाखावर लेस वापरण्यास बंदी केली. श्रीमंतांच्या डामडौलाला आळा घालावा हा हेतु असेल, परंतु घाव बसला तो डोंगरातील गरीब घरांवर. रेजिस यांनी खटपट करून ती बंदी उठवून घेतली आणि स्पेन व त्यापलीकडील वसाहतींत या लेसला गिऱ्हाईक मिळावे म्हणून आपल्या संघबांधवांना साकडे घातले, असे तेथील परंपरा सांगते. १७३७ साली त्यांना संतपद देण्यात आले. लेस विणणाऱ्या स्त्रिया आजही त्यांना आपला कैवारी मानतात.

त्यांच्या निधनानंतर एका पिढीच्या आतच, १६६८ च्या सुमारास, ल प्वीच्याच आन-मारी मार्तेल नावाच्या तरुणीने गरीब मुलींना धर्मशिक्षण देण्याचे कार्य आरंभिले. त्यातून ‘बेआत’ नावाच्या स्त्रियांची परंपरा निर्माण झाली. या धर्मभगिनी नव्हत. त्यांनी मठाची व्रते घेतलेली नव्हती. खेड्यातील लोक एक लहानसे घर बांधून देत, त्यावर घंटा टांगीत, आणि बेआत तेथे राहून मुलींना प्रार्थना, वाचन व लेस या तीनही गोष्टी शिकवी. संध्याकाळी गावातील बाया आपापल्या उशा घेऊन तिच्या खोलीत जमत. दिवा एकच, त्याच्या भोवती पाण्याने भरलेले काचेचे गोळे ठेवीत, म्हणजे ज्योतीचा प्रकाश एकवटून प्रत्येकीच्या टाचण्यांवर पडे. जपमाळ, गप्पा आणि काम सारे त्याच उजेडात चाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शासकीय शाळांचे नवे कायदे आले आणि बेआतांचे युग हळूहळू संपले, परंतु ती घरे काही गावांत अद्याप उभी आहेत.

या चित्राला दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. दोरा आणि टोचलेला पुठ्ठा व्यापाऱ्याकडून येई; त्याच्या वतीने हिंडणारी बाई गावोगाव माल वाटी आणि तयार लेस गोळा करी. म्हणजे ज्या नमुन्यावर एखाद्या स्त्रीने आपली दृष्टि झिजविली तो नमुना बहुधा तिच्या मालकीचा नसे, आणि आपल्या लेसची शहरात काय किंमत येते हे तिला कळतही नसे. आपल्या देशातही हेच घडले आहे. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशाच्या लेसवर मारिया मीस या विदुषीने १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील स्त्रिया दिवसाचे कितीतरी तास राबत असूनही ‘गृहिणी फावल्या वेळात विणतात’ असे म्हणून त्यांची मजुरी कशी नगण्य ठेवली जाई, हे त्यात दाखविले आहे. वेदीवरील वस्त्राच्या काठाची प्रशंसा करताना आपण हे मनात ठेवावे असे मला वाटते.

सिस्टरच्या यादीतील दोरा व टाचण्या मला ल प्वीमध्ये सहज मिळाल्या. पुस्तकाचा शोध मात्र लांबला, आणि त्या निमित्ताने नमुन्यांच्या पुस्तकांविषयी जे कळले ते सांगण्याजोगे आहे.

लेसचे छापील नमुने सोळाव्या शतकापासून निघत आहेत. १५५७ साली व्हेनिसमध्ये ‘ल पोंपे’ नावाचे पुस्तक छापले गेले. कांड्यांच्या लेसचे छापील नमुने त्यात आहेत. चार वर्षांनी, १५६१ साली, झुरिकमध्ये दुसरे निघाले. ते फ्रोशाउअरने छापले. प्रॉटेस्टंटांचे प्रसिद्ध झुरिक बायबल छापणारा मुद्रक तोच. हे पुस्तक रचणाऱ्या स्त्रीने आपले नाव दिले नाही, केवळ ‘आर. एम.’ ही आद्याक्षरे ठेवली. ही कला १५३६ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर आपल्या शहरात आली असे तिने लिहून ठेवले आहे. १५८७ मध्ये पॅरिसला फेदेरिको व्हिंचोलोचे पुस्तक निघाले, ते तर राजदरबारापर्यंत पोहोचले. एवढी पुस्तके छापली गेली, मग आज ती इतकी दुर्मिळ का? त्याचे उत्तर सोपे आहे. नमुना उतरवून घेण्यासाठी बाया पुस्तकाचे पान कापडावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवून रेषांवर सुईने भोके पाडीत, आणि भोकांतून कोळशाची पूड झाडीत. पान चाळणीसारखे होई, फाटे, आणि चुलीत जाई. ज्या प्रती आज ग्रंथालयांत कोऱ्या करकरीत आढळतात त्या बहुधा कोणी वापरल्याच नाहीत. भोके पडलेले पान मिळाले तर जाणकार त्याला कमी लेखीत नाहीत. त्या भोकांवरून कोणीतरी खरोखर विणले होते हे कळते.

आमच्या सिस्टरचे वाळवीने खाल्लेले पुस्तक याच वंशातले, परंतु फार अलीकडचे. तेरेझ द दिलमाँ ही ऑस्ट्रियात १८४६ साली जन्मलेली बाई. म्युलूझ येथील डी. एम. सी. या दोऱ्याच्या कारखान्याच्या साह्याने तिने १८८६ साली सुईकामाचा एक सर्वसंग्रह प्रसिद्ध केला. जाडजूड पण हातात मावणारे हे पुस्तक अनेक भाषांत निघाले. ठिगळ लावण्यापासून कांड्यांच्या लेसपर्यंत सारे त्यात आहे, आणि प्रत्येक कृतीला कोणत्या क्रमांकाचा दोरा हेही दिले आहे. अर्थात दोरा त्याच कारखान्याचा! बाई व्यवहारचतुर होती. ती १८९० साली वारली, त्यामुळे मूळ ग्रंथावर आता कोणाची मालकी राहिलेली नाही आणि त्याची इंग्रजी प्रत संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते. जुनी छापील प्रत शोधण्यासाठी म्हणून कोणी मोठी रक्कम मोजू नये. ती प्रत मायेने जपावी, पण तिच्यासाठी कर्ज काढू नये.

कित्येक पुस्तकांत मागील पुठ्ठ्याला एक खिसा चिकटविलेला असतो आणि त्यात घडी घातलेले मोठे नमुनापत्र असते. जुन्या बाजारात पुस्तक हाती घेतल्यावर प्रथम हा खिसा पाहावा. पत्र हरवले असेल तर पुस्तक वाचता येईल, पण त्यावरून विणता येणार नाही. ल प्वीच्या भागात लेसकामाचे मेळे भरतात, त्यांना ‘कुव्हीज’ म्हणतात. पूर्वी दारापुढे एकत्र बसून विणण्यालाच हे नाव होते. अशा मेळ्यांत दोऱ्याची रिळे, कांड्या, उशा आणि जुनी पुस्तके एकाच मेजावर मांडलेली असतात. पुस्तक घेणाऱ्या बाया मुखपृष्ठाकडे पाहत नाहीत, सरळ शेवटचे पान उलगडतात.

दोऱ्याचीही पारख आहे. क्रमांक जितका मोठा तितका दोरा बारीक, हे आपल्याकडील क्रोशे करणाऱ्या मुलींना ठाऊक आहेच. परंतु जुने रीळ मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये. एक वीतभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्यावा. जुना दोरा पुष्कळदा कुजलेला असतो आणि महिन्याचे काम धुण्याच्या पहिल्याच दिवशी तुटते. टाचण्या पितळेच्या वा न गंजणाऱ्या पोलादाच्या हव्यात, कारण पांढऱ्या तागावर पडलेला गंजाचा डाग जन्मभर राहतो. आणि अठराव्या शतकात हाताने कातलेला तागाचा जो अतिसूक्ष्म दोरा होता तो आज कोणत्याही किमतीस मिळत नाही.

परतीच्या वाटेवर आगगाडी रेतूर्नाक नावाच्या गावी थांबते. तेथे एका जुन्या लेस-व्यापाऱ्याच्या कारखान्यात आता संग्रहालय आहे. व्यापाऱ्यांनी जपलेले टोचलेले पुठ्ठे व नमुन्यांचे तुकडे तेथे ठेवलेले आहेत, आणि हाताच्या लेसची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रेही. ल प्वीच्या गल्लीतील दुकानांतही यंत्राची लेस असतेच. ती वाईट नव्हे, फक्त हाताची म्हणून विकू नये. हातकाम जिवंत राहावे म्हणून फ्रेंच सरकारने १९७६ साली ल प्वी येथे राष्ट्रीय कार्यशाळा काढली. त्याच वर्षी सुईच्या लेससाठी प्रसिद्ध असलेल्या आलाँसाँ येथेही दुसरी निघाली.

आपल्याकडे अशी कार्यशाळा नाही, परंतु परंपरा नाही असे कोणी समजू नये. कन्याकुमारीकडे नागरकोइल येथे मार्था मॉल्ट या प्रॉटेस्टंट मिशनऱ्याच्या पत्नीने १८२० च्या सुमारास मुलींना कांड्यांची लेस शिकविली. जवळच्याच मुळगुमुडू गावी १८९७ साली बेल्जियमहून मदर मारी लुईज द मीस्तर आल्या आणि त्यांच्या मठाच्या आश्रयाने हे काम वाढले. आपल्या खेड्यांतील मठांत व जुन्या घरांतही क्रोशाचे हूक, वेदीच्या वस्त्रांचे काठ आणि पिवळी पडलेली पुस्तके आहेत. दर वर्षी साफसफाईच्या दिवसांत ती रद्दीवाल्याकडे जातात, किलोच्या भावाने.

आमच्या सिस्टरांना मी शेवटी जे पुस्तक आणून दिले ते फ्रेंच भाषेतले, वेष्टन नसलेले, खिशातील पत्र मात्र शाबूत असलेले होते. फ्रेंच त्यांना येत नाही. त्यांनी आकृत्यांवरून काम सुरू केले, आणि चारांपैकी दोन मुली आता पुठ्ठा स्वतः टोचतात. तो पुठ्ठा त्या मुलींच्या मालकीचा आहे; वर्गाच्या कपाटात त्यावर त्यांची नावे घालून ठेवला आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर आजीची शिवणपेटी असेल त्यांनी ती देऊन टाकण्यापूर्वी एकदा उघडावी. पुठ्ठ्याला ओळीने बारीक भोके असतील तर तो निरुपयोगी तुकडा नव्हे. पुस्तकाच्या मागचा खिसा तपासावा. दोरा ओढून पाहावा, आणि कुजलेला असल्यास खुशाल टाकावा. मात्र समासात कोणाच्या हाताने पेन्सिलीने आकडे लिहिलेले असतील तर ते पुसू नयेत. ते बहुधा कांड्यांच्या जोड्यांचे हिशेब असतात, आणि छापील पुस्तकात नेमके तेच नसते.