रक्ताची साक्ष

गेल्या पावसाळ्यांत माझ्या दोन्ही हातांचीं बोटें सुजलीं. सकाळीं तासभर मूठ वळेना. फळ्यावर लिहितांना खडू गळून पडे. डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें. तपासणीचा कागद मीं वाटेंतच उघडला आणि ठळक छापलेले आंकडे पाहून माझें धैर्य खचलें. (निकालपत्रक घरीं नेणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था मला त्या दिवशीं कळली.)

"मास्तर, हे परीक्षेचे गुण नव्हेत, या साक्षी आहेत," डॉक्टर म्हणाले, "आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते."

पहिला साक्षीदार ई. एस. आर. उभ्या नळींत तांबड्या पेशी तासाभरांत किती मिलिमीटर खालीं बसतात, एवढेंच तो सांगतो. शरीरांत दाह असला म्हणजे रक्तांत फायब्रिनोजेन नांवाचें प्रथिन वाढतें. पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणें एकमेकींस चिकटतात व लवकर बसतात. परंतु दाह सांध्यांत आहे कीं फुप्फुसांत, हें त्यास ठाऊक नसतें. क्षय, रक्तक्षय, वार्धक्य यांतही तो आंकडा चढतो. दुसरा, रुमेटॉइड फॅक्टर, कित्येक निरोगी माणसांतही आढळतो व कांहीं खऱ्या आमवाताच्या रोग्यांत आढळत नाहीं. वातरक्ताच्या रोग्यांच्या रक्तांत युरिक आम्ल अधिक असतें, हें लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनीं १८४८ सालीं दाखविलें. तेंही ऐन कळ उठली असतां कधीं कधीं प्रमाणांतच दिसतें!

माझ्या कागदावर पहिल्या दोन्ही साक्षी विरुद्ध होत्या. तरी निकाल दिला तो डॉक्टरांनीं एकेक सांधा दाबून, सकाळच्या ताठरपणाची खोदून चौकशी करून. आतां आठवड्यांतून एकदांच मेथोट्रेक्सेट घेतों, खडू धरवतो. यकृताच्या काळजीस्तव अधूनमधून रक्त द्यावें लागतेंच, पण कागद वाटेंत उघडीत नाहीं.